पहिली टोपली

आपल्या मंडळाचा जन्म १९७६ सालचा. त्याच वर्षी जुलै महिन्यात कॅनडातील माँट्रियल नगरी ऑलिंपिक सामने भरले होते आणि त्यांत स्त्रियांच्या बास्केटबॉलला प्रथमच प्रवेश मिळाला होता. पुरुषांचा हा खेळ ऑलिंपिकमध्ये १९३६ सालीच, बर्लिन येथे, दाखल झाला होता. स्त्रियांना त्यानंतर चाळीस वर्षे दाराबाहेर तिष्ठावे लागले. माँट्रियलला अमेरिका व जपान यांचा सामना सुरू झाला आणि सात क्रमांकाचा गणवेश ल्यालेल्या एका उंच कृष्णवर्णीय युवतीने चेंडू कडीतून खाली सोडला. ऑलिंपिकच्या इतिहासात स्त्रियांच्या नावे मांडले गेलेले ते पहिले दोन गुण. सामना अमेरिकेने गमावला. जपानने तो ८४-७१ असा जिंकला. परंतु त्या दोन गुणांवरचा त्या युवतीचा हक्क कोणास हिरावता येणे शक्य नव्हते. तिचे नाव ल्युसिया हॅरिस.

संपादक मंडळाने आमच्याकडे ‘काही तरी इतिहासपर’ मागितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पेशव्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्या असाव्यात. त्या विषयावर आमच्याहून अधिकारी लेखणी या अंकात आहेच. आम्हांस मात्र मंडळाच्या जन्मवर्षीच सुवर्णमहोत्सवाला आलेली ही दुसरी गोष्ट सांगावीशी वाटली. आपल्या पिढीत जिच्या तोडीची खेळाडू शोधून सापडत नव्हती, तिला खेळावयास जागाच नव्हती, अशी ती गोष्ट आहे.

ल्युसियाचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ रोजी मिसिसिपी राज्यातील मिंटर सिटी येथे झाला. नावात ‘सिटी’ असली तरी ते खेडेच. आईबाप अर्धेलीने जमीन कसणारे. घरात भावंडे पुष्कळ. पोरवयातच तिने शेतावर कापूस वेचला. हा सारा मुलूख कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे दक्षिणेकडील कापूस १८६१ नंतर विलायतेस पोहोचेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तिकडचा तो कापूस ज्यांच्या घामावर पिकत होता, त्या गुलामांच्या वंशजांपैकी हे कुटुंब. ल्युसियाच्या जन्मानंतर सहाच महिन्यांनी, ऑगस्ट १९५५ मध्ये, याच लेफ्लोर परगण्यातील मनी या खेड्यात एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर एका गोऱ्या दुकानदारीणीशी आगळीक केल्याचा ठपका आला. त्याला रात्री घरातून उचलून नेऊन ठार मारण्यात आले आणि आरोपी गोऱ्या पंचांच्या न्यायालयातून निर्दोष सुटले. तिचे बालपण कोणत्या हवेत गेले, हे कळण्यास एवढे पुरे.

घरी दूरचित्रवाणी संच होता. रात्री निजानीज झाल्यावर ही मुलगी संचासमोर गोधडी पांघरून बसे आणि आईला कळू न देता पुरुषांचे व्यावसायिक सामने पाही. तिचे दैवत ऑस्कर रॉबर्टसन. त्याच्यासारखा चेंडू टाकता यावा, एवढीच तिची आकांक्षा. स्त्रियांपैकी कोणी तिचे दैवत नव्हते, कारण पडद्यावर खेळताना दिसेल अशी स्त्रीच नव्हती. उंची सहा फूट तीन इंचांपर्यंत गेली, तेव्हा शाळासोबत्यांनी तिची थट्टा आरंभली. ग्रीनवुड येथील अमँडा एल्झी विद्यालयाच्या संघात मात्र तीच उंची उपयोगी पडली. एका सामन्यात तिने एकटीने ४६ गुण केले. विद्यालय संपले, तेव्हा ती अल्कॉर्न येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात जाणार होती. तेथे स्त्रियांचा संघ नव्हता. म्हणजे खेळ तेथेच संपावयाचा.

येथे कथेत एक वृद्ध बाई येतात : मार्गारेट वेड. (हे आडनाव मराठी कानास निराळेच ऐकू येते, पण बाईंचे चरित्र पाहता तो अर्थही अगदीच गैरलागू नाही.) त्यांच्याविषयी लिहिण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे.

बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने रचला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवण्याचा तो उपाय होता. सज्जाला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि चेंडू त्यांत टाकावयाचा, एवढाच आरंभ. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकविला. १८९३ च्या मार्चमधील तेथील पहिल्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. मुलींना फार धाप लागू नये म्हणून बाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या भागात जी उभी असेल, तिने तो ओलांडू नये असा नियम केला. दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावण्यास बंदी घातली. हेतू चांगला होता. त्या काळी यापेक्षा अधिक मागितले असते तर सारेच बंद पडते, हेही खरे. परंतु आपत्काली घातलेले कुंपण आपत्काल सरल्यावर उपटावयाचे कोणास सुचत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयांत स्त्रियांना संपूर्ण मैदानभर पाच-पाच जणींनी खेळण्याची मोकळीक सर्वत्र मिळाली ती १९७१ साली.

मार्गारेट वेड या डेल्टा स्टेट महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. १९३० नंतरच्या त्या पहिल्याच वर्षांत त्या तेथील संघातून खेळत असता महाविद्यालयाने स्त्रियांचा संघ एकाएकी मोडीत काढला. कारण दिले ते असे, की हा खेळ तरुणींना अतिश्रमाचा आहे. मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळले. त्यापलीकडे करण्यासारखे काही त्यांच्या हाती नव्हते. वेडबाईंनी पुढे शाळेतील मुलींना वर्षानुवर्षे खेळ शिकविला, मग त्याच महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका म्हणून त्या आल्या. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष भेद करू नये, असा त्याचा आशय. १९७३ साली डेल्टा स्टेटने स्त्रियांचा संघ पुन्हा उभारावयाचे ठरविले आणि साठी ओलांडलेल्या वेडबाईंना प्रशिक्षक नेमले. मध्ये चाळीस वर्षे गेली होती. अल्कॉर्नला निघालेली ल्युसिया आता डेल्टा स्टेटला आली.

आरंभी संघात कृष्णवर्णीय अशी ती एकटीच. दुसऱ्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, संघाने २८ सामने खेळले आणि २८ जिंकले. त्या काळी पेनसिल्व्हेनियातील इमॅक्युलाटा या कॅथलिक महाविद्यालयाचा संघ सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेता होता. १९७५ च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने त्यांना ९०-८१ असे हरविले. त्यांत ल्युसियाचे ३२ गुण. १९७६ साली पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, आणि निकाल ६९-६४. १९७७ साली लुइझियाना स्टेटला ६८-५५ असे नमवून तिसरे अजिंक्यपद. चार वर्षांत तिने २,९८१ गुण केले, म्हणजे सामन्यामागे सरासरी जवळजवळ २६. फलकावरून परतलेले १,६६२ चेंडू पकडले. आणि ती खेळत असता संघ ११५ सामन्यांपैकी केवळ सहा हरला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९७७ साली तिने क्वीन्स महाविद्यालयाविरुद्ध ४७ गुण केले.

आम्हांस या आकड्यांपेक्षा दुसरीच एक गोष्ट लक्षणीय वाटते. डेल्टा स्टेटच्या क्रीडागृहास वॉल्टर सिलर्स यांचे नाव आहे. हे गृहस्थ मिसिसिपीच्या विधिमंडळाचे दीर्घकाळ सभापती आणि वर्णविभक्तीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या नावाच्या वास्तूत अर्धेलीवाल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या मुलीचा खेळ पाहण्यास गोऱ्या मंडळींची झुंबड उडू लागली. पुरुषांच्या सामन्यांहून मुलींच्या सामन्यांना गर्दी अधिक. विद्यार्थ्यांनी तिला संमेलनाची राणीही निवडले. हा मान त्या संस्थेत कृष्णवर्णीय मुलीस प्रथमच मिळाला. याचा अर्थ मिसिसिपी एका हंगामात पालटले असा कोणी करू नये. खेळाच्या मैदानावरील टाळ्या आणि गावातील वागणूक या गोष्टी सर्वत्रच वेगवेगळ्या खात्यांत मांडल्या जातात.

माँट्रियलला सहाच देशांचे संघ होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे होते. अमेरिकेने रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अर्थातच सोव्हिएत संघाचे. त्यांनी अमेरिकेला ११२-७७ असे धुऊन काढले. त्या संघात उलियाना सेम्योनोव्हा ही लॅटव्हियन खेळाडू होती, उंची सात फूट. ल्युसियाहून ती तीनच वर्षांनी मोठी. या दोघींची आयुष्ये शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. सेम्योनोव्हा रीगा येथील टीटीटी या संघातून खेळे. हौशी म्हणवणाऱ्या सोव्हिएत खेळाडूंच्या निर्वाहाची काळजी शासनव्यवस्था वाही. ती पुढे १९८० चेही सुवर्णपदक जिंकली आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत, युरोपात खेळत राहिली. ल्युसियाने १९७७ साली पदवी घेतली आणि बाविसाव्या वर्षी तिच्यापुढे मैदानच उरले नाही. स्वातंत्र्य कोणत्या देशात अधिक होते, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. खेळाडूच्या पोटापाण्याची सोय कोठे होती, एवढेच पाहत आहो.

त्याच १९७७ सालच्या जूनमध्ये जे घडले, त्यासाठीच वृत्तपत्रांत तिचे नाव अधूनमधून येते. अमेरिकेतील पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेत, म्हणजे एनबीएमध्ये, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड संघ पाळीपाळीने करतात. न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने आपल्या सातव्या पाळीस, एकूण क्रमांक १३७ वर, ल्युसिया हॅरिस हे नाव पुकारले. तत्पूर्वी १९६९ मध्ये डेनिस लाँग या आयोवातील मुलीला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने असेच निवडले होते, पण संघटनेच्या आयुक्तांनी ती निवड रद्द ठरविली. ल्युसियाची निवड रद्द झाली नाही. अधिकृतपणे निवडली गेलेली ती पहिली स्त्री, आणि तिच्यानंतर त्या यादीत कित्येक पुरुषांची नावे आली.

ती गेली नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत तिचा विवाह झाला होता आणि ती गरोदर होती. संघाने हे केवळ प्रसिद्धीसाठी केले असावे, असे तिला तेव्हा वाटले, आणि न गेल्याचा तिळमात्र खेद आपल्याला नाही, असे तिने उतारवयातही सांगितले. ‘पुरुषांत ती टिकली असती काय?’ हा प्रश्न लोक आजही चघळतात. आमच्या मते प्रश्नच चुकीचा आहे. बायकांसाठी घर बांधलेलेच नव्हते आणि पुरुषांच्या वाड्याचा दिंडी दरवाजा एकीपुरता, तोही थोडासा गमतीने, किलकिला केला गेला. तेथे न शिरणारीला भित्री म्हणणे सोपे आहे. पुरुषांना असा प्रश्न कधी घातला जात नाही, कारण त्यांचे घर आधीच उभे होते.

स्त्रियांसाठी पहिले घर बांधले गेले ते १९७८ च्या डिसेंबरात, आणि ते कुडाचे होते. वुमेन्स प्रोफेशनल बास्केटबॉल लीग ही त्या देशातील स्त्रियांची पहिली व्यावसायिक साखळी. प्रेक्षक थोडे, पैसा त्याहून थोडा. खेळाडूंचे पगार थकत, संघ हंगामागणिक बंद पडत. ह्यूस्टन एंजल्स हा संघ पहिल्या वर्षीचा विजेता. १९७९-८० च्या हंगामात ल्युसिया या संघातून खेळली. तोपर्यंत ती आई झाली होती, महाविद्यालयातील अखेरच्या सामन्यास दोन वर्षे उलटून गेली होती आणि शरीर पूर्वीचे राहिले नव्हते. एकच हंगाम. तिची सारी व्यावसायिक कारकीर्द ती एवढीच. १९८१ साली साखळीही बुडाली.

आणखी एक अन्याय कागदावरचा आहे. ल्युसियाच्या काळी महाविद्यालयीन स्त्रियांचे सामने त्यांची स्वतःची संघटना चालवीत असे. पुरुषांच्या धनाढ्य संघटनेने १९८०-८१ च्या सुमारास तो कारभार आपल्याकडे ओढला आणि १९८२ मध्ये ती जुनी संघटना लयास गेली. नव्या मालकांनी आपले विक्रम मांडावयास आरंभ केला तो स्वतःच्या पहिल्या दिवसापासून. आधीच्या मुलींचे गुण जणू कोणी केलेच नव्हते! २०२४ साली केटलिन क्लार्क ही आयोवाची मुलगी गुणांचे एकेक शिखर ओलांडू लागली, तेव्हा कोठे जुन्या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या.

पुढील वर्षे ल्युसियाला सुखाची गेली नाहीत. मनाचा तोल कधी उल्हासाच्या तर कधी खिन्नतेच्या टोकास नेणारा, ज्यास आता ‘बायपोलर’ म्हणून ओळखतात, तो विकार तिला जडला. हे तिने लपविले नाही, आणि त्या पिढीतील नामांकित खेळाडूस हे सांगणे किती अवघड असते, ते सांगावयास नको. चार मुलांचे संगोपन, डेल्टा स्टेटमध्ये नोकरी, पदव्युत्तर शिक्षण, ह्यूस्टनच्या टेक्सस सदर्न विद्यापीठात काही काळ प्रमुख प्रशिक्षकपद, आणि अखेर ज्या अमँडा एल्झी विद्यालयात ती शिकली, तेथेच शिक्षिका व प्रशिक्षक. १९९२ साली स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथांच्या नावाच्या कीर्तिमंदिरात तिला स्थान मिळाले. खेळाडू म्हणून तेथे प्रवेश मिळालेल्या पहिल्या दोन स्त्रिया म्हणजे नेरा व्हाइट आणि ही. समारंभात तिला सन्मानपूर्वक सादर करण्यासाठी तिच्यासमवेत उभा होता तो ऑस्कर रॉबर्टसन. गोधडीआडून पाहिलेले दैवत असे शेजारी येऊन उभे राहिले. वेडबाईंना मात्र तिच्याआधी सात वर्षे तेथे स्थान मिळाले होते.

स्त्रियांचे पक्के घर, डब्ल्यूएनबीए, उभे राहिले ते १९९७ च्या जूनमध्ये. पहिली चारही अजिंक्यपदे ह्यूस्टनच्याच संघाने, कॉमेट्सने, जिंकली. ल्युसिया तेव्हा ४२ वर्षांची होती.

आपल्या देशात हा खेळ ख्रिस्ती युवक संघटनेच्या, म्हणजे वायएमसीएच्या, मार्फत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. स्त्रियांची व्यावसायिक साखळी आपल्याकडे दीर्घकाळ नव्हती. खेळाडू मुलींना आधार दिला तो रेल्वेने. आपल्यापैकी कित्येकांचे वडील रेल्वेच्या बदलीनेच या मुलखात आले. तेव्हा त्या नोकरीचे मोल येथे वेगळे सांगावयास नको. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचा दबदबा वर्षानुवर्षे राहिला, आणि त्याचे एक कारण हेच की पंचविशीनंतरही खेळत राहण्याची मुभा, महिन्याच्या महिन्यास पगारासह, तेथे मिळे. केरळची गीतू अॅना जोस ही दक्षिण रेल्वेची खेळाडू ऑस्ट्रेलियात व्यावसायिक म्हणून खेळली आणि २०११ साली डब्ल्यूएनबीएच्या काही संघांच्या निवडचाचणीस अमेरिकेत जाऊन आली. निवड झाली नाही. पण चाचणी देण्यास ठिकाण होते. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले, ही तर आपल्या घरचीच गोष्ट.

या अंकाच्या निमित्ताने मंडळाचे जुने वार्षिक अहवाल आम्ही चाळले. प्रजासत्ताकदिनाच्या क्रीडास्पर्धांत एका मुलीचे नाव धावणे, लंगडी, लांब उडी अशा तीन-तीन प्रकारांत ओळीने चार वर्षे पहिले आहे. पाचव्या वर्षी ती दहावीत गेली असावी. त्यानंतर क्रीडाविभागात ते नाव नाही. पुढे एकदा ते दिसते, पण हळदीकुंकवाच्या व्यवस्थेच्या यादीत, बदललेल्या आडनावाने. स्पर्धांचे नियम ज्या समितीने केले, त्यांत आम्हीही होतो, आणि पंधरा वर्षांवरील गट केवळ मुलांसाठी ठेवावा, या ठरावावर आमची सही आहे. तेव्हा ते कोणास खटकले नव्हते, आम्हांसही नाही. ठरावात कारण दिलेले नाही. डेल्टा स्टेटने निदान कारण तरी दिले होते.

२०२१ साली बेन प्राउडफूट या दिग्दर्शकाने ल्युसियावर बावीस मिनिटांचा माहितीपट काढला. त्याचे नाव ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’. बहुतेक वेळ ती एकटीच कॅमेऱ्यासमोर बसून बोलते आणि मधूनमधून खळखळून हसते. जॅझ संघाचा विषय निघतो तेव्हा ती मुलांविषयी बोलू लागते; त्यांनी कोणत्या पदव्या मिळविल्या हे अभिमानाने सांगते. १८ जानेवारी २०२२ रोजी मिसिसिपीतच तिचे निधन झाले. वय ६६. त्याच वर्षी २७ मार्च रोजी त्या माहितीपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले.